घटक ४ : किनाऱ्याची पायवाट : पायी प्रवास आणि स्थलवर्णनाचे लेखन

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• पायी प्रवास आणि वाहनातील प्रवास यांमुळे स्थलवर्णनात पडणारा फरक सांगता येईल.
• केळशी ते कर्दे या किनारपट्टीच्या आधारे एका वाटेचे भौगोलिक, ऐतिहासिक व वाङ्मयीन संदर्भ एकत्र मांडता येतील.
• किनारी बोलीतील नेमक्या शब्दांचे लेखनातील महत्त्व स्पष्ट करता येईल.
• पाहणारा, राहणारा आणि गाव सोडून गेलेला या तीन भूमिकांतून होणाऱ्या वर्णनांची तुलना करता येईल.
• स्वतः चाललेल्या एखाद्या वाटेचे सुमारे तीनशे शब्दांत वर्णन करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचे स्वरूप पाहिले. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' पासून पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई' पर्यंत या प्रकाराने किती वेगवेगळी रूपे घेतली, याचा परिचय आपल्याला झाला आहे. प्रवासवर्णन वाचणे आणि लिहिणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या घटकात आपण लिहिण्याकडे वळणार आहोत.

त्यासाठी येथे दूरचा देश निवडलेला नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील, समुद्राला लागून असलेल्या काही गावांमधली वाट निवडली आहे. हा भाग आपल्यापैकी काहींना परिचयाचा असेल. काहींचे तर ते गावच असेल. पुष्कळांनी मात्र समुद्र केवळ सहलीत पाहिला असेल. या तिन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांना हा घटक उपयोगी पडावा, अशी अपेक्षा आहे.

प्रौढ वयात शिक्षणाकडे वळलेले अनेक विद्यार्थी लेखनाला बसताना 'आमच्याकडे लिहिण्यासारखे काय आहे?' असे म्हणतात. आपल्या गावचे शब्द अशुद्ध आहेत, ते उत्तरपत्रिकेत चालणार नाहीत, अशी भीतीही त्यामागे असते. या दोन्ही समजुती तपासून पाहणे, हा या घटकाचा मुख्य हेतू आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ वाटेची ओळख

केळशीहून दक्षिणेकडे निघाले की समुद्र सतत उजव्या हाताला राहतो. केळशीच्या उत्तरेस भारजा नदीची खाडी आहे. गावात महालक्ष्मीचे मंदिर आहे आणि जवळच याकूबबाबांचा दर्गा आहे. केळशीची पुळण संपली की उटंबरचा डोंगर आडवा येतो. तो ओलांडल्यावर आडे आणि पाडले ही गावे लागतात. पुढे आंजर्ल्याचा लांबलचक किनारा सुरू होतो. आंजर्ल्याच्या डोंगरावर 'कड्यावरचा गणपती' या नावाने प्रसिद्ध असलेले मंदिर आहे. तेथून दक्षिणेकडे पाहिले असता समुद्रातील सुवर्णदुर्ग दिसतो.

आंजर्ल्यापुढे जोग नदीची खाडी आडवी येते. ती ओलांडली की पाजपंढरी आणि हर्णै ही मासेमारीवर जगणारी गावे लागतात. हर्णैच्या बंदरावर मासळीचा मोठा लिलाव होतो. नौका उथळ पाण्यात उभ्या करून बैलगाड्या पाण्यात घालायच्या आणि मासळी किनाऱ्यावर आणायची, ही पद्धत येथे दीर्घकाळ रूढ आहे. हर्णैनंतर सालदुरे, मुरूड आणि कर्दे ही गावे येतात. दापोलीजवळचे हे मुरूड आणि रायगड जिल्ह्यातील जंजिऱ्याचे मुरूड ही दोन वेगळी गावे आहेत, हे लक्षात ठेवावे.

या वाटेची रचना थोडक्यात सांगायची तर 'पुळण, डोंगर, पुळण, खाडी' अशी आहे. सह्याद्रीतून निघालेल्या लहान नद्या समुद्राला मिळताना खाड्या तयार करतात. दोन खाड्यांच्या मध्ये डोंगराची सोंड थेट पाण्यापर्यंत उतरते. या डोंगरांच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे सपाट सडे असतात आणि पायथ्याशी काळा खडक उघडा पडलेला दिसतो. गावे वसली आहेत ती या सोंडांच्या आडोशाला, माडापोफळीच्या आगरांत. म्हणून एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे तर काही अंतर वाळूतून, काही घाटी चढून सड्यावरून आणि काही तरीने, असेच जावे लागे.

हा 'लागे' हा भूतकाळ महत्त्वाचा आहे. आंजर्ल्याच्या खाडीवर आता पूल आहे. सावित्रीच्या मुखावर वेसवी-बागमांडले आणि वाशिष्ठीच्या मुखावर दाभोळ-धोपावे अशा फेरीबोटी माणसांबरोबर वाहनेही नेतात. गावे डांबरी रस्त्यांनी जोडली गेली आहेत. बाळंतीण, आजारी माणूस किंवा परीक्षेला निघालेले मूल यांच्या दृष्टीने पूल ही फार मोठी सोय आहे. तेव्हा जुन्या वाटेविषयी लिहिताना पुलाविषयी तक्रारीचा सूर लावणे योग्य नव्हे. परंतु वाट मोडली की तिच्याबरोबर काही शब्द, काही ओळखी आणि काही ज्ञानही मागे पडते, याची नोंद लेखकाने घ्यायला हवी.

४.३.२ वेळेचे भान

रस्त्यावरून चालणारा माणूस घड्याळ पाहतो. किनाऱ्यावरून चालणाऱ्याला तिथी पाहावी लागते. समुद्राला चोवीस तासांपेक्षा थोड्या अधिक काळात दोनदा भरती येते. एका भरतीनंतर दुसरी भरती साधारणपणे १२ तास २५ मिनिटांनी येते. म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते.

कोकण किनाऱ्यावर यासाठी एक सोपा हिशोब वापरला जातो. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येणारा अंक म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता आणि एकादशीला सव्वाआठ वाजता भरती पूर्ण होते. हा हिशोब शुक्ल व कृष्ण या दोन्ही पक्षांना लागू पडतो. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या आसपास पाणी फार वर चढते आणि तितकेच खाली उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी असतो, त्याला भांग म्हणतात. हा हिशोब ढोबळ आहे. प्रत्यक्ष चालायला निघण्यापूर्वी भरतीचे छापील कोष्टक पाहावे आणि गावातील मासेमारी करणाऱ्यांना विचारावे.

चालणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? द्वितीया-तृतीयेच्या सुमारास भरती दीड ते सव्वादोनला पूर्ण होते, म्हणजे सकाळी पावणेआठ ते साडेआठच्या दरम्यान पूर्ण ओहोटी असते. त्या वेळी ओली, घट्ट वाळू रुंद उघडी पडते आणि चालणे सोपे जाते. भरतीच्या वेळी मात्र कोरड्या, भुसभुशीत वाळूतून पाय ओढत जावे लागते. डोंगराच्या सोंडेखालच्या खडकांवरून जाताना पाणी चढू लागले तर परतीची वाट बंद होऊ शकते. खाडीच्या मुखाशी पाणी उथळ दिसले तरी ते पायी ओलांडू नये, कारण ओहोटीचा ओढा तेथे फार जोराचा असतो.

आता भाषेकडे वळू. संस्कृतातील 'वेला' या शब्दाला काळ, मर्यादा, भरती आणि समुद्रकिनारा असे अनेक अर्थ आहेत. मराठीतील 'वेळ' हा शब्द त्यावरूनच आला. आपण रोज तो काळ या अर्थाने वापरतो. कोकणात मात्र 'वेळ' म्हणजे समुद्राचा किनारा, असाही अर्थ आढळतो. वेळास, वेळणेश्वर या किनारी गावांच्या नावांतही तो शब्द ऐकू येतो. ज्या ठिकाणी उभे राहायला जागा आहे की नाही हे काळावर अवलंबून असते, तेथे स्थळ आणि काळ यांना एकच शब्द असावा, हे विचार करण्याजोगे आहे. पुळणीवर पसरणाऱ्या, जांभळ्या फुलांच्या एका वेलीला 'मर्यादवेल' म्हणतात. भरतीच्या रेषेच्या वर ती वाळू धरून ठेवते. समुद्राची मर्यादा कोठवर, हे ती दाखवते. म्हणजे 'वेला' या शब्दातील मर्यादेचा अर्थ येथे एका वेलीच्या नावात पुन्हा भेटतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
१) षष्ठीला पूर्ण भरती अंदाजे किती वाजता असेल? त्यानंतरची पूर्ण ओहोटी केव्हा असेल?
२) 'उधाण' आणि 'भांग' यांतील फरक एका वाक्यात लिहा.
३) 'वेला' या शब्दाचे कोणतेही तीन अर्थ लिहा.

४.३.३ नेमका शब्द

पुढील दोन वाक्ये पाहा.

(क) आम्ही समुद्रकिनाऱ्यावरून टेकडीवर चढलो आणि पठारावरून पलीकडच्या गावात उतरलो.
(ख) आम्ही पुळण सोडून घाटी चढलो, सड्यावरून चाललो आणि पाखाडीने पलीकडच्या वाडीत उतरलो.

पहिले वाक्य चुकीचे नाही. परंतु ते कोणत्याही किनाऱ्याविषयी असू शकते. दुसऱ्या वाक्यात स्थळ दिसते. 'पुळण' म्हणजे वाळूचा किनारा. खडकाळ किनाऱ्याला कोणी पुळण म्हणणार नाही. 'सडा' म्हणजे जांभ्याचे उघडे, सपाट माथे. पावसाळ्यात त्यावर गवत आणि रानफुले उगवतात, तर उन्हाळ्यात तो तापतो. 'पाखाडी' म्हणजे दगडी पायऱ्यांची किंवा दगड बसवलेली चढउताराची गल्ली. पाखाडी आहे याचा अर्थ तेथे वस्ती आहे, पावसाचे पाणी वाहून जाते आणि लोक अनवाणी किंवा वहाणा घालून वर्षानुवर्षे चालत आलेले आहेत. एका शब्दात एवढी माहिती सामावलेली असते.

हे शब्द 'ग्रामीण' आहेत, म्हणून ते प्रमाण लेखनात टाळावेत, असे काहींना वाटते. वस्तुतः ज्या गोष्टीला प्रमाण भाषेत वेगळा शब्दच नाही, त्या गोष्टीसाठी बोलीतला शब्द हाच प्रमाण शब्द होय. 'खाजण' म्हणजे भरतीचे पाणी शिरणारी खारट, चिखलाची जमीन. तिला 'दलदल' म्हटले तर खारटपणा आणि भरती हे दोन्ही निसटतात. 'गडगा' म्हणजे चुना-मातीशिवाय दगडावर दगड रचून केलेली कुंपणाची भिंत. तिला नुसते 'भिंत' म्हटले तर ती कशी बांधली हे कळत नाही.

येथे एक पथ्य मात्र पाळायला हवे. बोलीतले शब्द सजावट म्हणून पेरू नयेत. जो शब्द आपण ऐकला आहे, ज्याचा अर्थ विचारून घेतला आहे, तोच वापरावा. काही शब्द गावागणिक अर्थ बदलतात. उदाहरणार्थ, दक्षिण व मध्य कोकणात 'आगर' म्हणजे माडापोफळीची बाग, तर उत्तरेकडे त्याच शब्दाने मिठागराचा बोध होतो. शब्द वापरण्यापूर्वी आपण कोठे उभे आहोत, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

४.३.४ दोन उतारे

पुढील दोन्ही उतारे या घटकासाठी तयार केलेले आहेत. दोन्हींत पाडले ते आंजर्ले या एकाच वाटेचे वर्णन आहे.

उतारा (अ)
"आंजर्ल्याचा समुद्रकिनारा अत्यंत निसर्गरम्य आहे. एका बाजूला निळाशार अथांग सागर आणि दुसऱ्या बाजूला हिरवीगार झाडी पाहून मन प्रसन्न झाले. लाटांचे संगीत कानांत साठवत आम्ही चालत होतो. शहराच्या धकाधकीपासून दूर असलेल्या या साध्याभोळ्या लोकांचा हेवा वाटला. निसर्गाच्या कुशीत घालवलेले ते क्षण अविस्मरणीय ठरले."

उतारा (आ)
"षष्ठी होती. सकाळी सातला पाडल्याच्या पुळणीवर उतरलो तेव्हा पाणी मागे सरकत होते. ओल्या वाळूवर पाऊल रुतत नव्हते. भरतीच्या रेषेवर शिंपले, सुरूच्या काड्या आणि जाळ्याचा एक निळा तुकडा पडला होता. कुर्ल्यांनी बिळांभोवती वाळूच्या गोळ्या मांडल्या होत्या. आम्ही जवळ जाताच त्या आत गेल्या. तासाभराने समोरून डोक्यावर टोपली घेतलेल्या एक मावशी आल्या. त्यांनी आमच्या बुटांकडे पाहिले आणि म्हणाल्या, 'पुढं खडकावर शेवाळ आहे. हे काढून हातात घ्या.' आम्ही बूट काढले. 'कुठवर जाता?' असे विचारले, तर 'रोजच्या घरी,' एवढेच म्हणून त्या पुढे गेल्या. आम्ही वाट पाहायला आलो होतो. त्या वाटेने कामाला चालल्या होत्या."

पहिल्या उताऱ्यात एकही चूक दाखवता येणार नाही, पण एकही गोष्ट दिसत नाही. 'निसर्गरम्य', 'अथांग', 'अविस्मरणीय' ही विशेषणे लेखकाने किनाऱ्यावर जाण्यापूर्वीच बरोबर नेली होती. 'साधेभोळे लोक' हा शब्दप्रयोग तर अन्यायकारक आहे. तिथीवरून भरती सांगणारा, वाऱ्यावरून मासळीचा अंदाज घेणारा आणि लिलावात भाव पाडू न देणारा माणूस साधाभोळा नसतो. तो आपल्याला ओळखत नाही, म्हणून आपल्याला तसा वाटतो.

दुसऱ्या उताऱ्यात विशेषणे थोडी आहेत. क्रियापदे जास्त आहेत. पाणी 'मागे सरकते', पाऊल 'रुतत नाही', कुर्ल्या 'आत जातात'. लेखकाने ज्ञान घेतले आहे आणि ते कोणाकडून घेतले हेही लपवलेले नाही. बुटांचा उल्लेख लेखकाची स्वतःची बाजू उघड करतो.

तरीही दुसरा उतारा निर्दोष नाही. त्याचे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. ते आकर्षक आहे. परंतु 'रोजच्या घरी' या उत्तरातच ती गोष्ट सांगून झालेली आहे. शेवटच्या वाक्याने लेखक वाचकाला अर्थ समजावून देऊ लागतो. ते वाक्य काढून उतारा वाचून पाहावा आणि आपले मत वहीत लिहून ठेवावे. स्वतःच्या लेखनाचा शेवट तपासण्याची सवय यामुळे लागेल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
१) उतारा (आ) मधील कोणत्या तपशिलावरून दिवसाची वेळ आणि समुद्राची स्थिती यांचा मेळ बसतो?
२) उतारा (अ) मधील लोकांविषयीच्या वाक्यावर कोणता आक्षेप घेतला आहे?

४.३.५ पाहणारा, राहणारा आणि सोडून गेलेला

कोणत्याही गावाचे वर्णन कोण करतो, यावर ते वर्णन बरेचसे अवलंबून असते. या किनाऱ्याच्या संदर्भात तीन भूमिका स्पष्ट दिसतात.

पहिली भूमिका पाहणाऱ्याची. पाठीवर पिशवी घेऊन हौसेने चालणारा प्रवासी ज्या गोष्टी नवीन आहेत त्या टिपतो. त्याच्या नजरेत ताजेपणा असतो. पण तो चांगल्या हवेच्या दिवसांतच येतो आणि पावसाळ्यात होड्या ओढून घेतल्यावरचा, कमाई नसलेला काळ त्याला दिसत नाही.

दुसरी भूमिका राहणाऱ्याची. त्याला वाट पाठ असते, म्हणून त्याला ती लिहिण्याजोगी वाटत नाही. तो आपले ज्ञान लेखापेक्षा कथेत आणि रूढीत साठवतो. कड्यावरच्या गणपतीची कथा या दृष्टीने पाहावी. देवाचे मूळ ठाणे खाली समुद्राजवळ होते, समुद्र पुढे सरकू लागला तेव्हा देव डोंगरावर गेला आणि जाताना त्याचे पाऊल खडकावर उमटले, असे सांगतात. श्रद्धाळू माणूस या कथेकडे श्रद्धेने पाहील. अभ्यासकाने तिच्यात आणखी एक गोष्ट ऐकावी. समुद्र गावात शिरू शकतो, याची आठवण या कथेने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. आज अनेक किनारी गावांत धूपप्रतिबंधक बंधारे बांधले जात आहेत. ही कथा आणि ते बंधारे एकाच अनुभवाविषयी बोलतात.

तिसरी भूमिका सोडून गेलेल्याची. कोकणाच्या साहित्यात ती सर्वांत ठळक आहे. कादंबरीकार श्री. ना. पेंडसे यांचा जन्म १९१३ साली आंजर्ल्याजवळच्या मुर्डी या गावी झाला. बालपणीच ते मुंबईस गेले आणि पुढचे आयुष्य तेथेच गेले. 'गारंबीचा बापू' (१९५२) ही त्यांची कादंबरी मात्र याच परिसरातील माणसांची आहे. गाव सोडलेल्या माणसाला पाहणाऱ्याचे अंतर लाभते आणि राहणाऱ्याची भाषाही त्याच्याजवळ उरते. पण त्याच्या मनातले गाव त्याने सोडले त्या वर्षाशीच थांबण्याचा धोका असतो. पेंडसे यांच्या लेखनाचे सामर्थ्य हे की त्यांनी त्या परिसराला गोड स्मृतीत न बसवता तेथील हट्ट, भांडणे आणि माणसांची जिद्द यांसह उभे केले.

याच वाटेवरील मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. त्यांचे 'आत्मवृत्त' १९१५ साली प्रसिद्ध झाले. कर्वे यांच्या तरुणपणीचा एक पायी प्रवास प्रसिद्ध आहे. परीक्षेला बसण्यासाठी ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले. अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे जवळजवळ १७५ किलोमीटर. मुसळधार पाऊस आणि घाटाची बिकट वाट. एवढे चालून पोहोचल्यावर, ते वयाने लहान दिसतात या कारणाने त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. पुढे १८८४ साली ते बी. ए. झाले आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली.

हौसेने चालणाऱ्याने ही हकीकत लक्षात ठेवायला हवी. आपण ज्याला 'पदभ्रमण' म्हणतो, ते या किनाऱ्यावरच्या माणसांसाठी दीर्घकाळ 'जाणे' होते. शाळेला जाणे, बाजारला जाणे, माहेरी जाणे, परीक्षेला जाणे. वाट त्यांच्यासाठी सुंदर नव्हती असे नाही, पण तिच्या शेवटी काहीतरी अडलेले काम असे. चांगल्या वर्णनात वाटेची शोभा आणि वाटेची गरज या दोन्हींना जागा मिळते.

वाचकहो, आपल्यातील पुष्कळ जण या तीनपैकी एकाहून अधिक भूमिकांत एकाच वेळी असतील. नोकरीसाठी गाव सोडलेले, सणाला परतणारे आणि परतल्यावर स्वतःच्याच गावात पाहुणे ठरणारे. ही अडचण नव्हे. लेखनाच्या दृष्टीने ती मोठी पुंजी आहे. आपण कोणत्या भूमिकेतून बोलत आहोत, हे लेखात प्रामाणिकपणे दिसू द्यावे, एवढीच अट आहे.

४.३.६ चालताना घ्यायच्या नोंदी

वाटेचे वर्णन घरी बसून आठवणीवर लिहिता येत नाही असे नाही, परंतु नोंदी असतील तर लेखन भक्कम होते. पुढील सूचना उपयोगी पडतील.

१) निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ, तिथी व भरतीची वेळ लिहून ठेवावी.
२) दर अर्ध्या तासाने थांबून पाच मिनिटे नुसते ऐकावे आणि तीन आवाज लिहावेत. त्यांत लाटांचा आवाज धरू नये.
३) पायाखाली काय आहे ते लिहावे : ओली वाळू, कोरडी वाळू, खडक, जांभा, डांबर.
४) वाटेत भेटलेल्या माणसाला वाट विचारावी, माहीत असली तरी विचारावी. वाट सांगताना तो जे शब्द वापरतो ते जसेच्या तसे टिपावेत.
५) माणसांची छायाचित्रे किंवा बोलणे घेण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी. लेखात त्यांचे नाव द्यायचे की नाही, हे त्यांनाच विचारावे.
६) कासवांच्या विणीच्या हंगामात, विशेषतः वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर, घरट्यांभोवतीच्या कुंपणापासून दूर चालावे व रात्री प्रखर दिवे लावू नयेत. समुद्राकडे निघालेली पिल्ले उजेडाने दिशा चुकतात.

४.४ सारांश

पायी प्रवासात वेग कमी असल्याने तपशील अधिक मिळतो. किनाऱ्यावरील वाटेत पुळण, डोंगर आणि खाडी यांचा क्रम असतो आणि ती वाट भरती-ओहोटीशी बांधलेली असते. पुळण, सडा, पाखाडी, खाजण, गडगा यांसारखे शब्द स्थळ नेमके दाखवतात. त्यांना अशुद्ध मानणे चूक आहे; तसेच अर्थ न विचारता ते वापरणेही चूक आहे. तयार विशेषणांपेक्षा पाहिलेली क्रिया अधिक बोलते. पाहणारा, राहणारा आणि सोडून गेलेला या तिन्ही भूमिकांना आपापली शक्ती आणि मर्यादा आहेत. वर्णनाचा प्रामाणिकपणा आपली भूमिका ओळखण्यात आहे.

४.५ शब्दार्थ

पुळण – वाळूचा समुद्रकिनारा
सडा – जांभ्या दगडाचे उघडे सपाट माथे
घाटी – डोंगरावरून जाणारी चढणीची वाट
पाखाडी – दगडी पायऱ्यांची किंवा दगड बसवलेली गल्ली
तर – खाडी वा नदी ओलांडण्याची होडी
खाजण – भरतीचे पाणी शिरणारी खारट जमीन
गडगा – दगड रचून केलेली कुंपणाची भिंत
आगर – माडापोफळीची बाग, मिठागर
उधाण – अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती
भांग – अष्टमीच्या सुमाराची कमी चढउताराची भरती

४.६ स्वयं-अध्ययनासाठीच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १
१) सहाची पाऊणपट साडेचार, म्हणून पूर्ण भरती सुमारे साडेचार वाजता आणि त्यानंतरची पूर्ण ओहोटी सुमारे पावणेअकरा वाजता.
२) उधाणात पाण्याचा चढउतार मोठा असतो, तर भांगात तो कमी असतो.
३) काळ, मर्यादा, भरती, समुद्रकिनारा यांपैकी कोणतेही तीन.

प्रश्न – २
१) षष्ठीला पहाटे सुमारे साडेचारला भरती पूर्ण झालेली असते; म्हणून सकाळी सातला पाणी मागे सरकत असल्याचा आणि ओली वाळू उघडी असल्याचा तपशील जुळतो.
२) किनाऱ्यावरील लोकांजवळ समुद्राचे व व्यवहाराचे ज्ञान असताना त्यांना 'साधेभोळे' म्हणणे अन्यायकारक आहे, हा आक्षेप घेतला आहे.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१) 'ज्या गोष्टीला प्रमाण भाषेत वेगळा शब्दच नाही, त्या गोष्टीसाठी बोलीतला शब्द हाच प्रमाण शब्द होय.' या विधानाची आपल्या परिसरातील पाच शब्दांच्या आधारे चर्चा करा.
२) उतारा (आ) चे शेवटचे वाक्य ठेवावे की काढावे? सकारण लिहा.
३) पाहणारा, राहणारा आणि सोडून गेलेला या तीन भूमिकांपैकी आपली भूमिका कोणती, हे सांगून आपल्या गावाविषयी दीडशे शब्दांत लिहा.
४) कड्यावरच्या गणपतीच्या कथेप्रमाणे आपल्या भागातील एखाद्या स्थलकथेत कोणता भौगोलिक अनुभव साठवलेला आहे, ते शोधा.

४.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरापासून शेजारच्या गावापर्यंत किंवा वस्तीपर्यंत जाणारी एक जुनी पायवाट निवडा. समुद्र जवळ असण्याची आवश्यकता नाही. नदीकाठ, बांध, रेल्वेमार्गालगतची वाट, काहीही चालेल. घरातील किंवा शेजारातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारा की ती वाट पूर्वी कोण, कशासाठी वापरत असे. शक्य असल्यास त्यांच्याबरोबर थोडे अंतर चाला. त्यांनी वापरलेले दहा शब्द अर्थासह नोंदवा आणि सुमारे तीनशे शब्दांत त्या वाटेचे वर्णन लिहा. लेखन पूर्ण झाल्यावर ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. ज्या ठिकाणी ते आपल्याला थांबवून 'असे नव्हते' म्हणतील, तेथून दुरुस्तीला सुरुवात करा आणि मगच ते अभ्यासकेंद्रावर सादर करा.